अमाइड जोडणी हिरवी करायची तर सुरुवात कॉलमपासून

प्रश्न थोडक्यात असा आहे: औषधी रेणूतली एक अमाइड जोडणी (अ‍ॅसिड आणि अमाइन यांचा सांधा) प्रयोगशाळेत १० ग्रॅमवर नीट चालते. डीएमएफ या सॉल्व्हंटमध्ये हाटू (जोडणी घडवणारं रिएजंट) आणि डायपिया (बेस), मग पाणी, डीसीएम या सॉल्व्हंटने एक्स्ट्रॅक्शन, शेवटी माल शुद्ध करायला सिलिकाचा कॉलम, यील्ड ८० टक्के. आता हीच ५ किलोवर न्यायची आहे आणि वरून सांगणं आलंय की पद्धत 'ग्रीन' हवी. पाण्यात अभिक्रिया करावी, मायक्रोवेव्ह घ्यावा की एन्झाइम शोधावं?

तिन्ही गोष्टी नंतर. आधी तराजू हातात घ्या. फ्लास्कमध्ये, सेपरेटिंग फनेलमध्ये आणि कॉलममध्ये जे जे गेलं त्या सगळ्याचं वजन एका कागदावर मांडा, पाण्यासकट. त्या बेरजेला शुद्ध उत्पादनाच्या वजनाने भागलं की जो आकडा येतो त्याला प्रोसेस मास इंटेन्सिटी, म्हणजे पीएमआय म्हणतात. रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये मांडलेला ई-फॅक्टर हा त्याचाच भाऊ: एक किलो मालामागे किती किलो कचरा. सगळं मोजलं तर पीएमआयमधून एक वजा केला की ई-फॅक्टर मिळतो. शेल्डन यांच्या तक्त्यात मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या रसायनांचा ई-फॅक्टर १ ते ५ च्या आसपास होता आणि औषधांचा २५ पासून १०० च्या पुढे. औषध कंपन्यांची अभिक्रिया वाईट असते असा त्याचा अर्थ नाही. अभिक्रियेच्या आधी आणि नंतर ओतलेलं द्रव तिथे फार असतं.

तुमचा रेणू मला माहीत नाही, म्हणून त्याच साच्यातलं एक खरं औषध घेतो: मोक्लोबेमाइड, हे नैराश्यावरचं औषध. ४-क्लोरोबेन्झोइक अ‍ॅसिड (रेणूभार १५६.५७) आणि ४-(२-अमिनोइथाइल)मॉर्फोलिन (१३०.१९) यांची जोडणी, उत्पादनाचा रेणूभार २६८.७४. तुमची कृती याला लावली तर १० ग्रॅम अ‍ॅसिडमागे हिशेब असा पडतो: अमाइन ९ ग्रॅम, हाटू १.२ समतुल्य (अ‍ॅसिडच्या मोलच्या १.२ पट) म्हणजे २९ ग्रॅम, डायपिया २ समतुल्य म्हणजे १६.५ ग्रॅम, डीएमएफ १०० मिलि म्हणजे ९४ ग्रॅम, पाणी ३०० ग्रॅम, डीसीएम १०० मिलि तीनदा म्हणजे जवळपास ४०० ग्रॅम, मिठाचं संपृक्त पाणी ११० ग्रॅम, सोडियम सल्फेट ३० ग्रॅम. इथवर बेरीज एक किलोच्या आत. मग कॉलम: सिलिका ३०० ग्रॅम आणि डीसीएममध्ये ५ टक्के मिथेनॉल असं ३ लिटर, म्हणजे ३.९ किलो. एकूण ५.२ किलो. हातात आलं १३.७ ग्रॅम. पीएमआय सुमारे ३८०.

त्यातला चार पंचमांश भाग एकट्या कॉलमचा आहे. कॉलम काढून टाकला आणि बाकी काहीही बदललं नाही, तरी आकडा ७३ वर येतो. हाटूच्या जागी जगातला सगळ्यात सुंदर उत्प्रेरक आणला आणि कॉलम तसाच ठेवला तर आकडा ३०० च्या खाली यायला झगडेल. म्हणून पहिला प्रश्न 'कोणता रिएजंट' हा नाही. 'हा माल स्फटिकरूपात थेट खाली बसेल का' हा आहे. रिएजंटही याच प्रश्नाच्या उत्तरातून निवडायचा.

अ‍ॅटम इकॉनॉमी (बॅरी ट्रॉस्ट यांची १९९१ ची कल्पना: अभिक्रियेत घातलेल्या रेणूंच्या वजनाचा किती भाग उत्पादनात उतरतो) लोक आधी काढतात, म्हणून तीही इथे मांडतो. हाटू आणि दोन समतुल्य डायपिया धरली तर २६८.७४ भागिले ९२५.४७, म्हणजे २९ टक्के. सीडीआय या दुसऱ्या रिएजंटने (त्याबद्दल पुढे) केली तर ६० टक्के. विकत घेतलेल्या अ‍ॅसिड क्लोराइडवर कॉस्टिक वापरून केली तर ७८ टक्के. अ‍ॅसिड आणि अमाइन नुसतं तापवून पाणी काढलं तर ९४ टक्के. आकडे छान दिसतात, पण त्यात सॉल्व्हंट नाही, यील्ड नाही आणि अ‍ॅसिड क्लोराइड बनवताना दुसऱ्या कोणाच्या तरी आवारात निघालेला सल्फर डायऑक्साइडही नाही. दिशा कळण्यापुरतीच ती वापरा.

आता रिएजंट. हाटू ५ किलोवर नको, याची कारणं तीन. वजन: प्रत्येक किलो अ‍ॅसिडमागे जवळपास तीन किलो हाटू लागतं. सुरक्षितता: अ‍ॅझाबेन्झोट्रायअ‍ॅझोलच्या कुळातली ही रसायनं उष्णतेने स्फोटक विघटन पावू शकतात आणि त्यांची धूळ कामगारांना अ‍ॅलर्जी लावते. तिसरं कारण तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेलं आहे. हाटूतून टेट्रामिथाइल यूरिया आणि हायड्रॉक्सी-अ‍ॅझाबेन्झोट्रायअ‍ॅझोल सुटतात, डीएमएफ सोबत असतंच, आणि ही सगळी मंडळी स्फटिकीकरण बिघडवतात. म्हणजे कॉलम करावा लागतो तो बहुधा हाटू आणि डीएमएफमुळेच. कारण काढलं की उपचारही जातो.

माझी पहिली पसंती सीडीआय, म्हणजे कार्बोनिलडायइमिडाझोल. त्यातून सुटतो तो कार्बन डायऑक्साइड वर निघून जातो आणि इमिडाझोल पाण्यात जातं. वेगळा बेस लागत नाही. सॉल्व्हंट इथाइल अ‍ॅसिटेट. औषधात उरलेल्या सॉल्व्हंटच्या आयसीएच (औषधांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणारी संस्था) मर्यादा पाहिल्या तरी फरक कळतो: डीसीएम ६०० पीपीएम, डीएमएफ ८८०, टोल्युइन ८९०, हेक्झेन २९०. इथाइल अ‍ॅसिटेट, हेप्टेन, इथेनॉल, आयसोप्रोपेनॉल हे तिसऱ्या वर्गात, ५००० पीपीएम. डीएमएफवर युरोपात १२ डिसेंबर २०२३ पासून कामगारांच्या संपर्काचे कडक निर्बंध आहेत आणि डीसीएमवर अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२४ मध्ये नियम आणला आहे. निर्यातीचा विचार असेल तर हे दोन्ही आजच गाळलेले बरे.

१०० ग्रॅम अ‍ॅसिडवर (०.६४ मोल) सुरुवातीची कृती पुढे देतो. ही तुमच्या रेणूवर जशीच्या तशी बसेल असं नाही, पण कुठे काय पाहायचं ते यातून कळेल.

इथाइल अ‍ॅसिटेट ६०० मिलि, म्हणजे सहा व्हॉल्यूम (दर ग्रॅम अ‍ॅसिडला ६ मिलि). त्यातलं पाणी कार्ल फिशर टायट्रेशनने आधी मोजा आणि ०.०५ टक्क्याच्या वर असेल तर घेऊ नका. कारण साधं आहे. ५४१ ग्रॅम सॉल्व्हंटमध्ये ०.१ टक्का पाणी म्हणजे अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्त, ०.०३ मोल, आणि ते तुमच्या सीडीआयचा साडेचार-पाच टक्के भाग गिळून टाकतं. मग अ‍ॅसिड अर्धवट सक्रिय होतं आणि लोक 'रिएजंट खराब आला' म्हणून पुढच्या बॅचला जास्त सीडीआय घालतात. पाणी जास्त असेल तर थोडं इथाइल अ‍ॅसिटेट उडवा. ते पाण्याबरोबर सुमारे ७० °से ला अ‍ॅझिओट्रोप (ठरावीक प्रमाणात एकत्र उकळणारं मिश्रण) करतं आणि त्यात ८ टक्क्यांच्या आसपास पाणी निघून जातं. सोडियम सल्फेट आणि त्याचं फिल्टर करणं दोन्ही वाचतं.

अ‍ॅसिड त्यात घाला. ४-क्लोरोबेन्झोइक अ‍ॅसिड विरघळणार नाही, स्लरी होईल. घाबरू नका. नायट्रोजनखाली, २० ते २५ °से ला, सीडीआय चार-पाच भागांत तासाभरात घाला. एकूण १.०८ समतुल्य, म्हणजे ११२ ग्रॅम, पण सगळं एकदम नको. आधी १.०२ इतकं, मग तपासणी, मग गरजेपुरतं उरलेलं. सक्रियण होत जाईल तशी घट्ट स्लरी पातळ होते. वायू थांबला आणि स्लरी तशीच घट्ट राहिली तर बहुधा अ‍ॅसिडचे कण जाड आहेत किंवा ढवळणी तळापर्यंत पोचत नाही.

इथे सगळ्यात मोठी चूक होते ती थंड करण्याची. 'उष्णता होईल' म्हणून ० ते ५ °से ला सीडीआय घालतात. वायू निघत नाही, सगळं साठून राहतं आणि मग तापमान वाढवलं की एका दमात उसळतं. १०० ग्रॅमला सुमारे साडेपंधरा लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. ५ किलोच्या बॅचला तो जवळपास ७८० लिटर होतो. रिअ‍ॅक्टरचं व्हेंट, कंडेन्सर आणि स्क्रबरची लाइन हा वायू घेऊ शकते का, हे कागदावर मांडल्याशिवाय मोठी बॅच लावू नका. वायूबरोबर इथाइल अ‍ॅसिटेटची वाफही जाते, तेव्हा कंडेन्सरला थंड पाणी हवं.

दुसरी बाब आगीची. डीसीएम विषारी असलं तरी सहज पेट घेत नाही. इथाइल अ‍ॅसिटेटचा फ्लॅश पॉइंट उणे ४ °से आहे. मॅनहोल उघडून त्यात पिशवीतून सीडीआय ओतणं म्हणजे पावडरच्या घर्षणातली स्थिर वीज आणि ज्वलनशील वाफ एकत्र आणणं. बंद पावडर ट्रान्सफर वापरा, किंवा सीडीआयची थोड्या कोरड्या इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये वेगळी स्लरी करून ती पंपाने सोडा. हिरव्या सॉल्व्हंटच्या यादीत हे लिहिलेलं नसतं. एक धोका काढून दुसरा आणलात तर दुसऱ्याची तयारीही करावी लागते.

तपासणीची युक्ती: नमुना थेट एचपीएलसीवर (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) घालू नका. अ‍ॅसिल इमिडाझोल (म्हणजे सक्रिय झालेलं अ‍ॅसिड) यंत्रातून वाहणाऱ्या मोबाइल फेजमधल्या पाण्याने फुटून परत अ‍ॅसिड होतं आणि सक्रियण झालंच नाही असं दिसतं. नमुना आधी जास्तीच्या बेन्झाइलअमाइनमध्ये टाका, पाच मिनिटांनी सौम्य करून चालवा. सक्रिय झालेलं सगळं बेन्झाइल अमाइड म्हणून दिसेल, न झालेलं अ‍ॅसिड म्हणून आणि शिल्लक सीडीआय डायबेन्झाइल यूरिया म्हणून. एकाच क्रोमॅटोग्राममध्ये तिन्ही उत्तरं मिळतात. अ‍ॅसिड २ टक्क्यांखाली आलं की पुढे जा.

शिल्लक सीडीआय महत्त्वाचा, कारण तो अमाइनशी यूरिया करतो. कमी पडला तर अ‍ॅसिड उरतं, जास्त झाला तर यूरियाची अशुद्धी वाढते आणि यूरियाच्या दोन्ही बाजू तुमचं महागडं अमाइन खातात. म्हणून मी १.२ किंवा १.५ समतुल्य लिहिलेल्या कृतींवर विश्वास ठेवत नाही. पाण्यावर नियंत्रण नाही, हे त्या आकड्यामागे लपलेलं असतं.

मग अमाइन १.०५ समतुल्य, ८७ ग्रॅम, ड्रॉपिंग फनेलने पाऊण तासात, ३० °से च्या वर जाऊ न देता. या जोडणीत सक्रियणाचा कार्बन डायऑक्साइड नायट्रोजनने पार हाकलून लावण्याची घाई करू नका. द्रावणात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड अ‍ॅसिल इमिडाझोलच्या अमाइडीकरणाला वेग देतो हे प्रकाशित काम आहे. प्रयोगशाळेत दोन तासांत संपणारी अभिक्रिया मोठ्या प्रमाणावर रेंगाळते तेव्हा कधीकधी जोराचा नायट्रोजन हेच कारण निघतं. आणि रेंगाळली म्हणून रात्रभर उकळू नका. इथाइल अ‍ॅसिटेट स्वतःच एस्टर आहे, प्राथमिक अमाइनबरोबर लांबवर तापवलं की एन-अ‍ॅसिटाइल अशुद्धी तयार होते. अमाइन आळशी असेल आणि तापमान लागणारच असेल तर आयसोप्रोपाइल अ‍ॅसिटेट किंवा २-मिथाइल टीएचएफ घ्या. २-मिथाइल टीएचएफ फरफ्युरलपासून, म्हणजे मक्याची कणसं आणि उसाचं चिपाड यांसारख्या शेतमालाच्या उरलेल्या भागापासून बनवता येतं आणि पाण्यापासून छान वेगळं होतं. पण ते पेरॉक्साइड करतं. बीएचटी (पेरॉक्साइड रोखणारा पदार्थ) घातलेलं घ्या आणि ऊर्ध्वपातनाआधी पेरॉक्साइड तपासा, दर वेळी.

धुणं. इथे सवयीने आम्लाचं पाणी घेतलंत तर माल जाईल. मोक्लोबेमाइडमध्ये मॉर्फोलिन आहे, ते सौम्य बेस आहे आणि आम्लात पाण्याच्या थरात उतरतं. साधं पाणी पुरतं: २०० मिलि तीनदा, ४० ते ४५ °से ला म्हणजे माल मध्येच खाली बसणार नाही आणि थर पटकन फुटतात. इमिडाझोलमुळे पाण्याचा पीएच आपोआप आम्लारीच्या बाजूला राहतो, त्यामुळे उत्पादन वरच्या थरात टिकतं. जास्तीचं अमाइनही पाण्याबरोबर जातं. इमिडाझोल किती उरलं ते प्रत्येक धुण्यानंतर मोजा, तिसरं धुणं दर वेळी लागेलच असं नाही. मिठाचं पाणी टाळा. थर लवकर फुटतात हे खरं, पण ते मीठ जैविक ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा) काढू शकत नाही, शेवटी ते बाष्पीभवन यंत्रात जातं आणि तिथे वाफेचा खर्च लागतो.

पाण्याच्या थराकडे बघणं सहसा राहून जातं. इथाइल अ‍ॅसिटेट पाण्यात ८ टक्क्यांपर्यंत विरघळतं. लिटरमागे ८० ग्रॅम धरलं आणि प्रत्येक ग्रॅमला १.८२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो हे धरलं, तर नुसत्या सॉल्व्हंटचा सीओडी (सांडपाण्याची रासायनिक ऑक्सिजन-मागणी) १,४५,००० मिग्रॅ प्रति लिटर होतो. पृष्ठजलात सांडपाणी सोडण्याचं सर्वसाधारण मानक २५० आहे. वर ९० ग्रॅमच्या आसपास इमिडाझोल, म्हणजे नायट्रोजनचा भार. हे पाणी तसंच ईटीपीला ढकललं तर तिथले जिवाणू मरतात आणि मग तुमची 'हिरवी' पद्धत शेजारच्या नाल्यात काळी होते. आधी स्ट्रिपरमधून इथाइल अ‍ॅसिटेट काढून घ्या. पुढच्या बॅचचं पहिलं धुणं मागच्या बॅचच्या तिसऱ्या पाण्याने करता येतं, पाणी जवळपास तिसऱ्या हिश्श्याने वाचतं. मात्र ते पाणी किती तास ठेवायचं आणि किती वेळा फिरवायचं, हे गुणवत्ता विभागाशी आधी लेखी ठरवा.

स्फटिकीकरणाला सगळ्यात जास्त दिवस द्या. सेंद्रिय थरातून ३५० मिलिच्या आसपास इथाइल अ‍ॅसिटेट उडवा (पाणीही त्याबरोबर जातं), ६० °से ला स्वच्छ द्रावण मिळवा, मग हळूहळू थंड करा. नेमकं कुठे माल बाहेर पडतो ते एकदा पाहून ठेवा आणि पुढच्या वेळी त्याच्या तीन-चार अंश वर ०.५ ते १ टक्का बी (आधीच्या शुद्ध मालाचे स्फटिक) टाका. अर्धा तास थांबा, मग तासाला १० ते १५ °से या वेगाने ५ °से पर्यंत. घाई केली तर बारीक सुया येतात, फिल्टर गच्च होतो आणि मदर लिकर (स्फटिक बसल्यावर उरलेलं द्रव) फिल्टरवरच्या केकमध्ये अडकतं. त्याहून वाईट म्हणजे तेल सुटणं: द्रावण दुधासारखं होतं, मग तळाशी चिकट थेंब. तसं झालं तर माल अशुद्ध आहे असं लगेच मानू नका. बहुतेक वेळा द्रावण फार तीव्र आहे, हेप्टेन (माल द्रावणाबाहेर ढकलायला घालायचं सॉल्व्हंट, त्याबद्दल पुढे) फार गरम असताना किंवा फार पटकन घातलं आहे किंवा बी उशिरा पडलं आहे. परत तापवा, थोडं सॉल्व्हंट वाढवा आणि बी टाकण्याचं तापमान सुधारा.

हेप्टेन ३०० मिलि हा या कृतीतला तडजोडीचा भाग आहे. एकट्या इथाइल अ‍ॅसिटेटमधून ८० टक्क्यांच्या वर माल येत असेल तर हेप्टेन घालूच नका. मिश्र मदर लिकर वेगळं करणं कठीण आणि मिश्रण म्हणून परत वापरायचं तर दर वेळी प्रमाण मोजावं लागतं. फायझरच्या सर्ट्रालिन या नैराश्यावरच्या औषधाची गोष्ट इथे उपयोगी पडते. आधीच्या पद्धतीत डीसीएम, टीएचएफ, टोल्युइन आणि हेक्झेन अशी चौकडी होती. नव्या पद्धतीत तीन पायऱ्या एकत्र करून एकट्या इथेनॉलमध्ये आणल्या आणि एका टनामागे सॉल्व्हंट ६०,००० गॅलनवरून ६,००० गॅलनवर उतरलं. २००२ मध्ये त्याला अमेरिकेचा राष्ट्राध्यक्षांचा ग्रीन केमिस्ट्री पुरस्कार मिळाला. पण खरी गंमत त्यातल्या रसायनात आहे. इमाइन बनताना सुटणारं पाणी धरून ठेवायला आधी टायटॅनियम टेट्राक्लोराइड लागायचं. इथेनॉलमध्ये ते इमाइन फारसं विरघळत नाही, खाली बसतं, आणि समतोल आपसूक पुढे सरकतो. टायटॅनियम लागतच नाही. विद्राव्यता नीट मोजली की रिएजंटसुद्धा गळतात, हे त्याहून स्वच्छ दाखवणारं उदाहरण मला माहीत नाही. 

आपल्या बॅचचा हिशेब: अ‍ॅसिड १००, सीडीआय ११२, अमाइन ८७, इथाइल अ‍ॅसिटेट ५४१, पाणी ६००, हेप्टेन २०५, केक धुवायला ८०. एकूण १७२५ ग्रॅम. ८५ टक्के यील्ड धरलं तर १४६ ग्रॅम माल. पीएमआय ११.८, पाणी वगळून ७.७. सॉल्व्हंटचा पुनर्वापर यात अजून धरलेलाच नाही.

सीडीआय चालत नाही तेव्हा काय? अ‍ॅसिडच्या शेजारच्या कार्बनवर कायरल केंद्र (रेणूचं डावं की उजवं रूप ठरवणारी जागा) असेल तर सीडीआयने ते ढळू शकतं. अशा वेळी टी३पी हे फॉस्फरसवरचं जोडणी रिएजंट चांगलं, इथाइल अ‍ॅसिटेटमधलं ५० टक्के द्रावण तयारच मिळतं, ० °से च्या आसपास काम होतं आणि उरलेलं फॉस्फेट पाण्यात जातं. मात्र १.५ समतुल्य म्हणजे याच १०० ग्रॅमला ६१० ग्रॅम द्रावण, आणि ईटीपीला फॉस्फेट. गरज असेल तिथेच.

बोरिक अ‍ॅसिडचा मार्ग कागदावर सगळ्यात देखणा: ५ ते १० मोल टक्के, टोल्युइनमध्ये उकळायचं, डीन-स्टार्कमध्ये (उकळताना निघणारं पाणी वेगळं धरणारं उपकरण) पाणी गोळा करायचं. १०० ग्रॅमला ११.५ मिलि पाणी जमलं की झालं, एवढी सोपी तपासणी. पण बेन्झोइक अ‍ॅसिडं फेनिलअ‍ॅसेटिक अ‍ॅसिडांपेक्षा बरीच सुस्त आहेत, तास वाढतात, वाफेचा खर्च वाढतो, आणि बोरिक अ‍ॅसिड स्वतः युरोपात प्रजननाला घातक म्हणून वर्गीकृत आहे. तुमचं अ‍ॅसिड अ‍ॅलिफॅटिक आणि दोन्ही भागीदार ११० °से सहन करणारे असतील तर मात्र हे आधी करून पाहा.

अ‍ॅसिड क्लोराइड आणि कॉस्टिक, म्हणजे जुनी शॉटेन-बाउमन, तिला कमी लेखू नका. क्लोराइड बाजारात स्वस्त मिळत असेल आणि अमाइन पाण्यात टिकत असेल तर माल पाण्यातूनच गाळून घेता येतो. क्लोराइड स्वतः बनवणार असाल तर थायोनिल क्लोराइडबरोबर उत्प्रेरक म्हणून डीएमएफचे थेंब घालण्याची सवय सोडा. त्यातून डायमिथाइलकार्बामॉइल क्लोराइड हे कर्ककारक तयार होऊ शकतं.

आता तुम्ही विचारलेल्या तीन गोष्टी. पाण्यातली, म्हणजे मायसेलर पद्धत (साबणासारख्या सर्फेक्टंटच्या सूक्ष्म थेंबांत अभिक्रिया करणं) खरी आहे. ब्रूस लिपशुट्झ यांच्या गटाने टीपीजीएस-७५०-एम हा सर्फेक्टंट २०११ मध्ये पुढे आणला आणि त्याच्या २ टक्के पाण्यातल्या द्रावणात अमाइड जोडणी, सुझुकी (कार्बन-कार्बन जोडणी) वगैरे चालतात. माल आपोआप घट्ट होऊन गाळता आला तर उत्तम. नाही आला, आणि मग तुम्ही तोच इथाइल अ‍ॅसिटेट घालून काढणार असाल, तर इमल्शनशी भांडत बसावं लागतं आणि सर्फेक्टंटचं पाणी ईटीपीत फेस करतं. मायक्रोवेव्ह हे गरम करण्याचं साधन आहे. तो १० ग्रॅमवर वेळ वाचवतो, ५ किलोच्या जॅकेट असलेल्या रिअ‍ॅक्टरला त्यातून काही मिळत नाही.

एन्झाइमची ताकद मोठी, पण ती कायरल पायरीवर. सिटाग्लिप्टिन या मधुमेहावरच्या औषधात मर्क आणि कोडेक्सिस या कंपन्यांनी रोडियमवरचं दाबाखालचं हायड्रोजनेशन काढून ट्रान्सअमिनेज हे एन्झाइम आणलं. लिटरला २०० ग्रॅम कीटोन, ६ ग्रॅम एन्झाइम, अमाइन देणारं आयसोप्रोपाइलअमाइन. यील्ड १० ते १३ टक्क्यांनी वाढलं, कचरा १९ टक्क्यांनी घटला, २०१० चा पुरस्कार. त्या द्रावणातही निम्मं डीएमएसओ हे सेंद्रिय सॉल्व्हंट होतं, म्हणजे 'एन्झाइम म्हणजे नुसतं पाणी' हे खरं नाही. मूळ एन्झाइमला तो कीटोन चालतही नव्हता, फेरी-फेरीने उत्परिवर्तनं करत ते घडवावं लागलं. तुमच्या साध्या अकायरल अमाइडसाठी एवढा खटाटोप नको.

काही टप्प्यांवर, विशेषतः संदर्भ नमुने किंवा अशुद्धींचे मानक बनवताना, कॉलम अटळ असतो. तिथे डीसीएम-मिथेनॉलऐवजी हेप्टेनमध्ये इथाइल अ‍ॅसिटेट आणि इथेनॉलचं ३:१ मिश्रण वाढवत न्या. बेसिक रेणू असेल तर त्या मिश्रणात २ टक्के अमोनियाचं द्रावण. ध्रुवीयता जवळपास तीच मिळते.

शेवटची गोष्ट परत मिळवलेल्या सॉल्व्हंटची, कारण पीएमआय कमी करण्याच्या नादात इथे माणूस घसरतो. २०१८ मध्ये वल्सार्टन या रक्तदाबावरच्या औषधात एनडीएमए ही कर्करोगाचा धोका असलेली अशुद्धी सापडली. टेट्राझोलच्या पायरीत डीएमएफ आणलं होतं, त्यातून सुटलेलं डायमिथाइलअमाइन आणि अ‍ॅझाइड मारायला घातलेलं सोडियम नायट्राइट एकत्र आलं. ९६ नॅनोग्रॅम रोज, एवढी त्या अशुद्धीची मर्यादा ठरली आणि जगभरातून गोळ्या मागे घेतल्या गेल्या. तुमच्या इथाइल अ‍ॅसिटेटमध्येही अमाइनचे अंश असणार, मोक्लोबेमाइडसारख्या रेणूत मॉर्फोलिनचेही. म्हणून परत मिळवलेलं सॉल्व्हंट त्याच पायरीत वापरा, दुसऱ्या उत्पादनाच्या टाकीत मिसळू नका, त्याच्या स्पेसिफिकेशनमध्ये अमाइनची आणि कार्ल फिशर पाण्याची मर्यादा लिहा, आणि बाहेरच्या पुनर्प्राप्ती कारखान्यातून आलेल्या पिंपात आधी काय होतं याची लेखी नोंद मिळत नसेल तर ते पिंप आत घेऊ नका.